वन्सं, सालपटांचं काय करायचं?

वन्सं, कावळा फार लवकर शिवला.

तुम्हाला हे दुसरं कोणी सांगायचं नाही, म्हणून मी सांगते. नदीकाठच्या खडकावर पिंड मांडून झाले होते. गुरुजी अजून उठलेही नव्हते. तुमचे वरंधचे दीर, आपली भावकी, तुमच्या शेडमध्ये वाल सोलणाऱ्या बायका असे सगळे रिवाजाप्रमाणे मागे सरकून उभे होते. आता बराच वेळ जाणार म्हणून कुणी छत्री उघडत होतं, कुणी टेकायला दगड बघत होतं. तेवढ्यात गावकीच्या बाबूकाकांनी हातातलं रिकामं घमेलं खडकावर आदळल्यासारखं ठेवलं. दर्भ, फुलं, तांदूळ असं सगळं सामान त्यातूनच नदीवर आणलं होतं. त्या आवाजासरशी पलीकडच्या आंब्यावरून कावळे सुटले आणि त्यातला एक थेट गुरुजींच्या हाताजवळ उतरला.

"अरे, मला बाजूला तरी होऊ दे," गुरुजी म्हणाले. तोवर चोच मारून झाली होती.

"सुटली बाय," बाबूकाका म्हणाले. "काय इच्छाच उरली नव्हती तिची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सोलणाऱ्यांतल्या शैलाने मात्र माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. ते घमेलं शेडमधलं होतं, एका कडेला चेपलेलं. रोज सकाळी कामाला बसण्याआधी तुम्ही त्याच्या काठावर कोयतीची मूठ आपटायचात आणि आदल्या दिवशीचे फणसाचे, केळफुलाचे बारीक तुकडे पत्र्यामागे फेकायचात. ते कावळे तुमच्या हातचं खाऊन वाढलेले. पितर वगैरे त्यांच्या डोक्यात काही नव्हतं. घमेलं वाजलं आणि ते जेवायला आले. शैलाने पदर तोंडात घातला. ती हसते आहे हे मला कळलं, बाकीच्यांना ती रडते आहे असं वाटलं, आणि थोड्या वेळाने ते खरंही झालं.

पण माझी पंचाईत झाली. घरापासून नदीपर्यंत मी एक वाक्य मनात घोळवत आले होते. कावळा अडला की घरातलं कुणीतरी पुढे होतं आणि मोठ्याने कबूल करतं, पोरांकडे बघू, शेत पडीक टाकणार नाही, असं काहीतरी. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. तुमचं जे काही होतं ते शेडमध्ये होतं. तेव्हा मला म्हणायचं होतं, "शेड चालू ठेवीन, आणि ओहोळात एक सालपट जाऊ देणार नाही." चारचौघांत मोठ्याने बोलायची मला सवय नाही, हे तुम्ही जाणता. म्हणून ते वाक्य पाठ केलं होतं. तुमच्या कावळ्याने मला संधीच दिली नाही. न मागितलेलं वचन कसं द्यायचं? मी गप्प घरी आले. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात हलकंही वाटलं, कारण ते वाक्य माझ्याने पाळलं जाईल की नाही, मला ठाऊक नव्हतं.

तुम्हाला इच्छा उरली नव्हती म्हणे! वन्सं, तुमच्या इच्छांनी तर आपला गोठा भरला होता.

तुम्ही मुंबईहून कायमच्या माहेरी परत आलात तेव्हा गोठ्यात एकच गाय होती. बाकी जागा मोकळी. तिकडे चाळीत तुम्ही वर्षानुवर्षं शेजारणींना वाल सोलून देत होता. इथे आल्यावर म्हणालात, "वाल आपल्या मातीतले, खाणारे मुंबईत, आणि सोलायला तिकडं कुणाला टाइम नाय. मग सोलून इथूनच पाठवू." मी तेव्हा हायस्कूलच्या वाचनालयात होते. नणंदेची ही एक लहर, चार महिने चालेल, असं मला वाटलं होतं. तुम्ही गोठ्याची एक बाजू सारवून घेतलीत, तिला 'शेड' म्हणायला लागलात, आणि वाडीतल्या बायका येऊन बसू लागल्या. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबून बाहेर काढायचा. उन्हाळ्यात फणसाच्या कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, कापायच्या, एरवी सुरण, केळफूल. भरलेले डबे संध्याकाळी मुंबईच्या गाडीवर.

मी सोलण्यात कधीच कामाची नव्हते. "मास्तरीण एक वाल सोलते तोवर दुसऱ्याला शेंग येते," असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात. मी मास्तरीण नाही, ग्रंथपाल आहे, हे मी किती वेळा सांगितलं असेल. शेवटी तुम्हीच तोड काढलीत. "तू हात लावू नको. तू वाच, आम्ही सोलतो." तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी शेडच्या उंबऱ्यात बसून वाचायची. प्रवासवर्णनं तुम्हाला आवडायची. कथा असली तर मध्येच थांबवून म्हणायचात, "थांब गो. ही बाय एवढी रडते, हिच्या घरी सकाळी पाणी कोण भरतं?" लेखकाने ते लिहिलेलं नसायचं. मग बायका आपापसात ठरवायच्या पाणी कोण भरत असेल ते, आणि पुस्तक तिथेच राहायचं. माझ्या आयुष्यात माझं वाचन इतक्या लक्ष देऊन कुणीच ऐकलेलं नाही. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. ते एक राहिलं.

सालपटांचा प्रश्न आला तो पहिल्याच श्रावणात. श्रावणात मुंबईला वालाचं बिरडं लागतं, आणि श्रावणातच आपल्याकडे ऊन नसतं. सोललेले वाल डब्यात गेले, पण मागे राहिलेली ओली सालपटं? उन्हाळ्यात ती अंगणात पसरली की दोन दिवसांत कडकडीत वाळतात आणि गुरांच्या आंबोणात जातात. पावसात ती एका रात्रीत आंबतात. आधी पत्र्यामागे ढीग झाला, मग माशा झाल्या. मग कुणीतरी, आपल्यातल्याच कुणीतरी, ती ओहोळात लोटली. खालच्या वाडीच्या बायका धुणं घेऊन आल्या तर पाण्यावर फेस, दगडावर बुळबुळीत थर आणि नाक धरायला लावणारा वास.

गावकीची बैठक देवळात बसली. बाबूकाका म्हणाले, "शेवंते, धंदा कर, कोण नको म्हणत नाय. पण तुझी घाण आमच्या पाण्यात नको." तुम्ही उभ्या राहिलात. मला वाटलं भांडाल. तुम्ही म्हणालात, "काका, बरोबर हाय तुमचं. यापुढं ओहोळात एक सालपट दिसलं तर मी माझ्या हातानं शेडला कुलूप लावीन." बायका चरकल्या. घरी येताना मी विचारलं, "एवढा मोठा शब्द कशाला दिलात? करणार काय सालपटांचं?" तर म्हणालात, "ते मला काय ठाऊक? तू वाचतेस ना एवढं. वाच आणि सांग."

मी वाचलं. माझ्या वाचनालयात शेतीची पुस्तकं कमी आणि धुळीची जास्त, तरी वाचलं. मागवून वाचलं. आणि आपली जी भांडणं सुरू झाली ती शेवटच्या संध्याकाळपर्यंत चालू राहिली.

तुमचा एक नियम होता. आधी माणसाचं तोंड, मग जनावराचं, मग मातीचं. जे माणसाला खाता येतं ते गायीला द्यायचं नाही, गायीला चालतं ते खड्ड्यात टाकायचं नाही. फणसाच्या आठळ्या तुम्ही भाजून दळल्यात, त्या पिठाच्या भाकऱ्या आम्हाला खायला लावल्यात. भोपळ्याच्या सालींची चटणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, हे तर आपल्या घरोघरचंच, पण तुम्ही त्या बाटलीत भरून मुंबईला पाठवल्यात आणि तिथून आणखी मागणी आली. नियम चांगला होता. पण नियमाच्या भरात तुम्ही आंबलेली ओली सालपटं पाटीभर आपल्या चांदी गायीपुढे ओतलीत. मी म्हणत होते, "वन्सं, आंबलेलं एवढं नका घालू, लिहिलंय त्यात." तुम्ही म्हणालात, "गायीनं पुस्तक वाचलंय काय?" संध्याकाळपर्यंत चांदीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ढोरांचा डॉक्टर पोलादपुराहून येईपर्यंत तुम्ही तिच्या गळ्याला मिठी मारून बसला होतात आणि तिची माफी मागत होतात. ती वाचली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चहा आणून दिलात, कप आपटून ठेवलात आणि म्हणालात, "पुढचं वाच."

पुढचं म्हणजे अळंबी. भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी येते, आणि पेंढ्यात डाळीच्या सालपटांची थोडी भर घातली तर जोमाने येते, असं मी वाचलं. हवा गार, दमट हवी. म्हणजे आपला श्रावणच. तुमचे डोळे चमकले. सालपटं वाळवायची गरजच नाही! पेंढा गरम पाण्यातून काढला, निथळला, थर लावले, अळंबीचं बियाणं पेरलं, पिशव्या गोठ्याच्या आढ्याला टांगल्या. मी सांगितलं होतं, एका पिशवीला मूठभर सालपटं. मी घरात गेले आणि तुम्ही प्रत्येक पिशवीत ओंजळी ओंजळीने घातलीत. आठवड्यात सगळ्या पिशव्या हिरव्या बुरशीने भरल्या.

"मूठभरच घालायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"मूठभर?" तुम्ही म्हणालात. "पाहुणा घरी आणायचा आणि त्याला अर्धपोटी बसवायचा? कुठली रीत ही?"

वन्सं, तुम्ही अळंबीला पंगतीत बसवून आग्रह केला होतात. शैला तर आडवी होऊन हसत होती. "आक्का, पाहुणा खाऊन खाऊन मेला तुमचा."

पुढच्या खेपेला तुम्ही स्वतःचे हात मागे बांधून उभ्या राहिलात आणि मला घालायला लावलंत. मूठ माझी होती, म्हणजे मापात होती. या वेळी पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि एका सकाळी त्यांच्या अंगावर कानांसारख्या पाकळ्या फुटल्या. तुम्ही मला वाचनालयातून बोलावून घेतलंत. मी छत्री मिटायच्या आत मला पिशवीजवळ नेलंत आणि हळू आवाजात, जणू कुणी झोपलंय अशा आवाजात म्हणालात, "बघ गो, सालपटं आपली ऐकायला लागली." बाबूकाकांना पहिली भाजी पाठवली. त्यांनी निरोप पाठवला, "श्रावणात चालते काय ही?" तुम्ही उलट निरोप धाडलात, "उगवली श्रावणात, मग चालायला काय झालं?" वाटी धुऊन परत आली, रिकामी. त्यानंतर गावकीत शेडचा विषय निघाला नाही. अळंबी निघाल्यावर तोच पेंढा मऊ होऊन चांदीला जायचा, तिच्या शेणातून भाताच्या खाचरात. ओहोळ स्वच्छ राहिला. तुमचा शब्द राहिला.

पण त्या शब्दाचं ओझं तुमच्या कमरेवर होतं, हे मला दिसत होतं. सालपटं उचलायची तुम्ही, पेंढा उकळायचा तुम्ही, सुरणाच्या खाजऱ्या साली, ज्या ना माणूस खात ना गाय, त्या खड्ड्यात पुरायच्या तुम्ही. बायका सोलून घरी जायच्या. तुम्ही मागे.

म्हणून तो महाडचा टेंपोवाला आला तेव्हा मला बरं वाटलं. औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे त्याचा खत करण्याचा कारखाना. हॉटेलांचा, मंडईचा ओला कचरा गोळा करतो. "ताई, रोज येऊन सगळं घेऊन जाईन," म्हणाला. "तुम्हाला हात लावायला नको." बोलायला चांगला माणूस. मी म्हटलं, "द्या त्याला वन्सं. सुटाल." तुम्ही नाही म्हणालात.

हे आपलं शेवटचं भांडण. किती दिवस चाललं, आठवतं? तुम्ही म्हणायचात, "सालपट समोर पडलेलं असलं की हात जपून चालतो. रोज नेणारा आला की पोरी जाड साली काढतील. अर्धा सुरण टेंपोत जाईल." मी म्हणायची, "आणि तुमची कंबर?" तुम्ही म्हणायचात, "ती माझी हाय, टेंपोवाल्याची नाय." मी म्हणायची, खत होणं वाईट नाही, सगळ्याच गोष्टी माणसाच्या तोंडात जायला पाहिजेत असं नाही. तुम्ही म्हणायचात, "मातीला शेवटी देऊच की. पण घाई कशाला?" आपण दोघी बरोबर होतो असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच ते भांडण मिटत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी ओटीवर वाचत होते. तुम्ही शेडमधून आलात, पदराला हात पुसत. मार्गशीर्षातल्या गुरुवारसाठी मोठी मागणी होती, वाल भिजवून फडक्यांत बांधून ठेवले होते. तुम्ही खांबाला टेकलात. मी विचारलं, "वन्सं, खरं सांगा. हे सगळं तुमच्यामागे कोण करणार?" मला कंबरेबद्दलच बोलायचं होतं. तुम्ही म्हणालात, "तुझं वाचून झालं की सांग. घाई नाय." आणि आत गेलात. सकाळी तुम्ही उठला नाहीत.

त्या दिवसाचं मी इथे काही लिहीत नाही. तुम्हाला आवडणारही नाही. शेडचं मात्र सांगते, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही.

लग्न झालेल्या बहिणीचं सुतक माहेरी तीन दिवसांचं. गुरुजींनी सांगितलं, बाबूकाकांनी सांगितलं. तुमचा भाऊ, जो जन्मात कुणाला उलटून बोललेला नाही, तो म्हणाला, "ती हितलीच हाय. मी दहा पाळणार." वरंधच्या दिरांनीही त्याला हरकत घेतली नाही. अग्नी तुमच्या भावानेच दिला होता. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला वाटत होतं, हे तुम्ही ऐकायला हवं होतं. तुम्ही त्यांना 'मुका' म्हणायचात ना?

पण सुतक धरलं म्हणजे शेडही सुतकात. आणि फडक्यात बांधलेल्या वालांना सुतक कळत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचे मोड फडक्यातून बाहेर डोकावायला लागले. सुतकाच्या घरात भिजलेले वाल कुणाच्या नैवेद्याला पाठवायचे? कुणी मागितलेही नसते. आजवर सालपटांचं काय करायचं हा प्रश्न होता. आता अख्खे दाणेच कचरा होऊन बसले होते. शैला आणि बाकीच्या बायका अंगणाच्या कडेला उभ्या होत्या, दुसऱ्या भावकीतल्या, आत येऊ शकत होत्या, पण येत नव्हत्या.

एक जण म्हणाली, "गायीला घालू."

"एवढे?" शैला म्हणाली. "चांदी परत फुगायची."

कुणीतरी ओहोळाकडे बघितलं. नुसतं बघितलं. पण मी ते बघणं बघितलं. मी इतकं वाचलंय, वन्सं, पण सुतकातल्या वालांवर कुठे काही लिहिलेलं नाही.

मग शैला शेडमध्ये शिरली आणि घमेलं घेऊन बाहेर आली. फडकी सोडून तिने वाल त्यात ओतले. "काकी, तुमचं खालचं खाचर कापून झालंय ना? ओल हाय अजून?"

मी मान हलवली. भात कापलं की त्या ओलीवर वाल टाकायचे, ही आपली दरवर्षीची रीत. पण ते कोरडे दाणे. हे तर मोड आलेले, हात लागला की मोडणारे.

बाबूकाका ओटीवर बसले होते. "अगो, सुतकातलं बी पेरतात काय कुणी?"

"काका, मातीला कुठलं सुतक?" शैला म्हणाली. "तिला सुतक लागलं असतं तर जगात पीकच उभं राहिलं नसतं."

बाबूकाका ओटीवरून उठले. वाल टाकायला स्वतःच पुढे गेले. "असं उडवू नको, मोड तुटतील. वाकून ठेव," असं ते खाचरातून ओरडत होते ते मला ओटीवर ऐकू येत होतं. आधी माणसाचं तोंड, मग जनावराचं, मग मातीचं. तुमच्या नियमात माती शेवटी होती, आणि माणसाच्या तोंडासाठी भिजवलेला दाणा पहिल्यांदाच थेट तिच्यात गेला. यावर तुमचं काय म्हणणं पडलं असतं, मला सांगता येत नाही. बहुतेक म्हणाला असतात, "दोन मुठी आमटीला ठेवायच्या होत्यात."

बरेच दाणे कुजले. कावळ्यांनीही हात मारला, ते घमेल्यामागून चालतच गेले असणार. पण दहाव्याला नदीवर जाताना मी खाचराकडे पाहिलं तर मधूनमधून, रांग नाही, काही नाही, दोन-दोन पानांचे कोंब उभे होते. तेव्हाच मी ते वाक्य पाठ करायला घेतलं. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

तेरावं झालं आणि टेंपोवाला आला. तुमचं कळून आला होता, हातात श्रीफळ होतं. बसला, तुमची आठवण काढली, मग अडखळत म्हणाला, "आता तरी, काकी?" बायका शेडच्या दारात थांबल्या होत्या. सगळ्यांना माझ्याकडून उत्तर हवं होतं, आणि मला तुमच्याकडून.

मी त्याला म्हटलं, "सुरणाच्या साली न्या. रोज नको, गुरुवारी या. वालाची सालपटं आणि फणसाचं सगळं इथेच राहील." तो म्हणाला, एवढ्याशासाठी फेरी कशी परवडेल? शैला म्हणाली, "दादा, जाताना अळंबी घेऊन जा, मग परवडंल." तो हसला. येतो म्हणाला. तेव्हा वन्सं, भांडण अर्धं तुम्ही जिंकलात आणि अर्धं मी. तुमच्या कमरेचं ओझं मी एकटीने उचलणार नाही. पेंढा उकळायचं काम आता वाटून घेतलंय, ज्या दिवशी जिची पाळी. मूठ मात्र माझीच राहील, असं सगळ्यांनी ठरवलं, कारण माझ्या हाताला आग्रह करता येत नाही.

आज सकाळी शेड उघडली. तुमचा बसायचा पाट भिंतीला उभा होता. तो कुणी आडवा केला नाही. वाल कालच भिजवले आहेत, मोड यायला वेळ आहे, म्हणून आज केळफुलं होती. शैलाने घमेलं माझ्या हातात दिलं. मी कोयतीची मूठ काठावर आपटली, चेपलेल्या कडेवरच.

कोणी आलं नाही.

"जरा जोरात, काकी," शैला म्हणाली. "तुमचा हात त्यांना ठाऊक नाय अजून."

मी पुन्हा आपटली. बऱ्याच वेळाने एक कावळा पत्र्यावर येऊन बसला. मी तुकडे टाकले. त्याने तुकड्यांकडे पाहिलं, मग मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि जागचा हलला नाही. बायका आत कामाला लागल्या होत्या. अंगणात आम्ही दोघंच.

तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. फार मोठ्याने नाही, पण म्हटलं. शेड चालू ठेवीन. ओहोळात एक सालपट जाऊ देणार नाही. आणि पाठ केलेल्यात नव्हतं तेही निघून गेलं तोंडातून. माझं वाचन तुमच्याइतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नाही, वन्सं.

या वेळी त्याने घाई केली नाही. माझं सगळं बोलून होईपर्यंत तो वर बसून राहिला, आणि मग खाली उतरला.